रिपोर्टमध्ये गहू तांबडा, कोळंबी हिरवी

पत्र:

डॉक्टर, नमस्कार. मी ऐरोलीत राहते, वय ४१. माहेर उरणकडचं, त्यामुळे मासळीवरच वाढले. चार-पाच वर्षांपासून सकाळी डोळे उघडले की शिंका सुरू होतात, एका दमात वीस-पंचवीस. नाक गळतं, डोळे खाजतात, टाळूला आतून खाज येते. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या साफसफाईत तर विचारू नका. सासूबाईंनी दही, केळं, लिंबू, टोमॅटो बंद केलं, फरक नाही. नाक मोकळं करायचे थेंब गेले आठ महिने रोज रात्री घालते. त्याशिवाय झोपच लागत नाही.

मे महिन्यात नणंदेच्या मुलाची हळद होती. मी कोळंबी खाल्ली आणि मग सगळ्याजणी नाचलो. तासाभरात माझ्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, घसा आवळल्यासारखा झाला, दोन उलट्या झाल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. सगळे म्हणाले, पित्त उठलंय. आमसुलाचं पाणी चोळलं, पित्ताची गोळी दिली. मग जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन अर्ध्या तासात घरी आलो. त्या दिवशी कंबर दुखत होती म्हणून दुखण्याची गोळी दोनदा घेतली होती. त्या गोळीचं तर नसेल?

नंतर यांनी २०० पदार्थांची रक्ततपासणी करून घेतली. ३४ पदार्थ तांबड्या रकान्यात आले : गहू, दूध, तूरडाळ, वांगं, शेंगदाणे, अंडं... कोळंबी मात्र हिरव्या रकान्यात. तीन महिने तांबडं सगळं सोडलं. साडेपाच किलो वजन उतरलं, शिंका तशाच. आता लॅबवाले म्हणतात मुलीचीही करा, दोघींना मिळून सवलत देतो. ती आठ वर्षांची आहे, तिला काही त्रास नाही. हे म्हणतात घराण्यालाच मासळीची ॲलर्जी असेल, कारण त्यांचंही एकदा बांगडा खाऊन तोंड लाल झालं होतं. जावेचं बाळ पाच महिन्यांचं आहे, तिला कुणी सांगितलंय की शेंगदाणा आणि अंडं तीन वर्षं द्यायचं नाही. डिसेंबरमध्ये धाकट्या दिराची हळद आहे. मी आता जेवायचं तरी काय?

उत्तर:

ताई,

आज रात्री पोळी, आमटी, वांग्याचं भरीत, जे घरात असेल ते जेवा. दूध घालून चहा घ्या. कोळंबीला आणि तिच्या भाऊबंदांना मात्र हात लावू नका. या दोन्ही गोष्टी तुमच्या रिपोर्टच्या बरोबर उलट्या आहेत आणि दुसरीत जिवाशी गाठ आहे, म्हणून आधी सांगितल्या. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

रिपोर्ट काढून पहिल्या पानावर ‘आयजीजी’ अशी अक्षरं दिसतात का ते बघा. दोनशे पदार्थांच्या पॅकेजमध्ये बहुधा तेच मोजलेलं असतं. आयजीजी हे आपल्या रक्तातले एक प्रकारचे प्रतिपिंड, म्हणजे बाहेरून आलेल्या पदार्थाला ओळखून त्याला चिकटणारी प्रथिनं. एखादा पदार्थ आपण वरचेवर खात असलो की त्याच्याविरुद्धचे आयजीजी रक्तात सापडतात. याचा अर्थ इतकाच की शरीराची त्या पदार्थाशी ओळख आहे. तुम्ही चाळीस वर्षं गहू, तूर, दूध खाताय, तर ओळख असणारच! युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच सांगून ठेवलं आहे की अन्नाची ॲलर्जी ओळखायला ही तपासणी वापरू नये. पुढे अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या तज्ज्ञांनीही तेच म्हटलं. तरी ती विकली जाते, कारण तांबडे-हिरवे रकाने बघून माणसाला वाटतं, चला, एकदाचं कारण सापडलं. मी ठाण्यात नौपाड्याला तीसेक वर्षं दवाखाना चालवला. शेवटच्या काही वर्षांत असे रिपोर्ट पिशवीत घेऊन येणारी, गालफडं बसलेली माणसं बरीच पाहिली. तुमचे साडेपाच किलो त्या रकान्यांनीच नेले.

मुलीची तपासणी करू नका. सवलतीत मिळाली तरी नको, फुकट मिळाली तरी नको. वाढत्या वयाच्या पोरीचं दूध, अंडं, डाळ एका कागदावरून बंद करणं हा तिच्यावर अन्याय आहे.

आता हळदीची रात्र.

खरी ॲलर्जी ज्याच्यामुळे होते त्या प्रतिपिंडाचं नाव आयजीई. रक्तात ते अगदी नगण्य असतं, इतकं की १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ते कुणाच्या हातीच लागलं नव्हतं. हे आयजीई आपल्या कातडीत, नाकात, घशात, आतड्यांत बसलेल्या मास्ट पेशींना चिकटून राहतं. पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाला १८७८ साली या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. आत ठासून भरलेले दाणे पाहून त्याला वाटलं, या खाऊन पुष्ट झाल्या आहेत, म्हणून त्याने त्यांना चारून पुष्ट केलेल्या जनावरासारखं नाव दिलं. त्या दाण्यांत हिस्टमीन नावाचं रसायन असतं. ज्याचं वावडं आहे तो पदार्थ येऊन आयजीईला भिडला की काही मिनिटांत दाणे फुटतात आणि हिस्टमीन बाहेर पडतं. नाकात फुटले तर शिंका, कातडीत फुटले तर गांधी, आतड्यांत फुटले तर उलटी. सगळीकडे एकदम फुटले तर रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

तुमच्या पत्रातली ती ओळ आता पुन्हा वाचा. गांधी, ओठ, घसा, उलट्या, अंधारी. तुमच्या सगळ्या अंगाने एकाच वेळी तक्रार केली होती. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात आणि यात माणूस दगावू शकतो.

आपल्या भाषेने इथे थोडा घोटाळा करून ठेवला आहे. ‘अंगावर पित्त उठलं’ म्हटलं की मन लगेच आंबट ढेकर आणि जळजळीकडे जातं आणि हात जातो आम्लपित्ताच्या गोळीकडे. पोटातल्या आम्लाचा या गांधींशी संबंध नाही. आमसूल चोळण्याला माझी हरकत नाही, माझी आजीही चोळायची. थंडावा मिळतो आणि साध्या गांधी तासा-दोन तासांत आपणहून बसतात, त्याचं श्रेय आमसुलाला जातं. पण गांधींबरोबर ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, धाप लागणं, उलट्या किंवा चक्कर यातलं एक जरी दिसलं तरी आमसुलात एक मिनिटही घालवायचं नाही.

‘लहानपणापासून खाते, मग आत्ताच कसं?’ असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण घरात कुणीतरी म्हणालं असणारच. दुधाची, अंड्याची ॲलर्जी बहुधा लहानपणी दिसते आणि पुष्कळदा वयाबरोबर जाते. कोळंबी-चिंबोरीची मात्र मोठेपणी सुरू होणं अगदी नेहमीचं आहे, आणि ती सहसा जात नाही. शिवाय ॲलर्जी पहिल्या भेटीत होतच नाही, आधी ओळख आणि मग वैर. फ्रान्समध्ये शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोघं समुद्रातल्या प्राण्यांच्या विषावर काम करत होते. ज्या कुत्र्यांना पहिल्या टोचणीत फारसं काही झालं नव्हतं, ती काही आठवड्यांनी अगदी थोड्या विषाने मिनिटांत कोसळली. १९०२ साली त्यांनी हे जाहीर केलं आणि ॲनाफिलॅक्सिस हा शब्द तिथून आला. रिशेला १९१३ साली नोबेल मिळालं. म्हणून ‘आजवर कधी काही झालं नाही’ हे वाक्य ॲलर्जीच्या बाबतीत काहीच सिद्ध करत नाही.

तुमच्या शिंकांचा आणि या कोळंबीचाही संबंध असू शकतो. कोळंबीच्या मांसात ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं. शिजवून, तळून ते मोडत नाही, म्हणून ‘नीट शिजली नसेल’ ही शंका सोडून द्या. जवळजवळ तसंच प्रथिन गादीतल्या धुळीत राहणाऱ्या किड्यांच्या आणि झुरळांच्या अंगातही असतं. कोळंबी, झुरळ आणि धुळीतला किडा यांचं लांबचं नातं आहे, सगळे कवचवाले आणि सांध्यांच्या पायांचे. काही लोकांच्या शरीरात वर्षानुवर्षं धुळीतल्या किड्याविरुद्ध आयजीई तयार होतं आणि मग तेच आयजीई कोळंबीलाही ओळखायला लागतं. तुमच्या बाबतीत असंच घडलं असेल, असं मी खात्रीने म्हणणार नाही. तो क्रम मात्र जुळतो. आणि सकाळी शिंका येणाऱ्या प्रत्येकाने कोळंबी सोडावी असाही याचा अर्थ नाही, नाहीतर निम्मं ठाणं माझ्या नावाने खडे फोडेल.

दुखण्याच्या गोळीबद्दल तुम्ही विचारलंत, हा प्रश्न फार चांगला आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या जातीची गोळी, भरपूर नाच किंवा व्यायाम, आणि दारू. या तिन्हींमुळे एरवी थोडक्यात निभावलेली ॲलर्जी अचानक जोरात उसळू शकते. गोळी आणि नाच तुमच्याकडे त्या रात्री होतेच. मे महिन्यापूर्वी कधी कोळंबी खाल्ल्यावर टाळूला खाज, ओठाला झिणझिण्या असं व्हायचं का, आठवून बघा. पण काहींना त्या गोळीचंच वावडं असतं, हेही खरं. त्यानंतर तीच गोळी घेतलीत का? घेतली आणि काही झालं नाही, तर संशय कोळंबीकडे जातो. घेतली नसेल तर आता आपली आपण घेऊन बघू नका. ज्या डॉक्टरकडे जाल त्यांना गोळीचं नाव, दोन्ही वेळा आणि जेवणाची वेळ कागदावर लिहून द्या. वेळांवरून त्यांना रिपोर्टपेक्षा जास्त कळेल.

आणि जायचं आहे ते ॲलर्जीचं काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे. ते हातावर प्रिक टेस्ट करतील : कातडीवर एकेका पदार्थाचा थेंब ठेवून सुईने हलकंसं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत गांध उठते का ते मोजतात. कोळंबीची, धुळीतल्या किड्याची, झुरळाची, बुरशीची करून घ्या. त्याआधी साधारण आठवडाभर सेट्रिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर काहीच उठत नाही आणि पैसे वाया जातात. रक्तातून आयजीई मोजण्याची तपासणीही असते, तिला गोळ्या चालू असल्या तरी चालतं. दोन्हींत एक गोष्ट लक्षात ठेवा. तपासणी पॉझिटिव्ह आली आणि तो पदार्थ खाऊन आजवर काहीच होत नसेल, तर ती ॲलर्जी नव्हे. हकीकत आधी, तपासणी नंतर. म्हणून दोनशे पदार्थांची कुठलीच यादी चांगला डॉक्टर तपासत नाही.

खाण्याचं : कोळंबी, करंदी, जवळा, सोडे, शेवंड, चिंबोरी बंद. जवळ्यावर जरा थांबते, कारण उरणच्या बाईला कोळंबी सोडणं जमेल, पण जवळा कुठेही लपलेला असतो : चटणीत, वांग्यात, भाकरीबरोबरच्या कोरड्या कालवणात. सुकट भाजताना उठणाऱ्या वाफेनेही काहींना त्रास होतो, तेव्हा घरात भाजत असतील तर तुम्ही बाहेर जा. तिसऱ्या, कालवं, माकुल यांचं नातं जरा लांबचं आहे. तज्ज्ञ सांगेपर्यंत तीही नकोत. पापलेट, सुरमई, बोंबील, रावस यांना सोडायचं कारण दिसत नाही. माशातलं ॲलर्जी करणारं मुख्य प्रथिन वेगळंच असतं. फक्त कोळंबी तळलेल्या तेलात तुमची सुरमई तळू देऊ नका. आणखी एक : कधी सीटी स्कॅन करायची वेळ आली आणि कुणी म्हणालं की कोळंबी चालत नाही म्हणून आयोडीनचं औषध टोचता येणार नाही, तर ती जुनी समजूत आहे. कोळंबीच्या ॲलर्जीचा आयोडीनशी संबंध नाही.

चुकून खाल्लं गेलं आणि पुन्हा तसंच झालं तर? हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. आडवं व्हायचं, पाय उशीवर उंच. फारच धाप लागली तर बसायचं, पण उठून चालायचं नाही. अशा वेळी ‘चल, रिक्षापर्यंत चाल’ म्हणून उभं करण्यानेच रक्तदाब कोसळू शकतो. १०८ ला फोन करायचा किंवा गाडी दारापर्यंत आणायची, आणि जायचं ते रात्री इमर्जन्सी चालू असलेल्या रुग्णालयात. यावरचं औषध एकच, ॲड्रेनलिन. तुमच्या वजनाच्या प्रौढ माणसाला साधारण अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा. ॲलर्जीचं आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात ते त्याच्या मागून, त्याच्या जागी नव्हे. मे महिन्यात तुम्हाला काय दिलं होतं, कागद असेल तर तज्ज्ञांना दाखवा. आणि अर्ध्या तासात घरी येणं, हे पुन्हा होऊ देऊ नका. बरं वाटल्यावर काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते, म्हणून निदान चार-सहा तास रुग्णालयात नजरेखाली थांबायचं. परदेशात रुग्ण पेनासारखं तयार इंजेक्शन खिशात ठेवतात. आपल्याकडे ते सहजी मिळत नाही. तुमच्यासाठी काय सोय करता येईल, हे तज्ज्ञांना स्पष्ट विचारा. तोवर पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवा : ‘कोळंबीची तीव्र ॲलर्जी, मे महिन्यात ॲनाफिलॅक्सिस’.

आता नाक. वर्णनावरून ही सर्दी नाही. सर्दीत अंग मोडून येतं, कणकण असते, आठ-दहा दिवसांत ती जाते. खाज हे ॲलर्जीचं लक्षण, आणि तुम्हाला नाक, डोळे, टाळू तिन्हीकडे खाज आहे. दह्या-केळ्याचा यात काही हात नाही. सासूबाईंना दुखवू नका, पण दही खा.

संशय गादीवर आहे. धुळीतला हा किडा पाव ते तृतीयांश मिलिमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. आपल्या अंगावरून झडणारा कातडीचा कोंडा खाऊन गादी, उशी, सोफा, पडदे यांत राहतो. तो चावत नाही. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेने. पाणी तो पीत नाही, हवेतला ओलावा शोषून जगतो, म्हणून दमट हवा त्याला मानवते. खाडीकाठच्या ऐरोलीहून चांगला पत्ता त्याला कोण देणार? त्यातून पावसाळ्यात भिंतीला ओल आणि कपाटामागे काळी बुरशी आली की ती वेगळी भर. रात्रभर त्यात तोंड खुपसून झोपायचं आणि सकाळी शिंकायचं. दिवाळीत माळ्यावरचं गाठोडं खाली आलं की वर्षभराची धूळ एकदम नाकात.

चादरी आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात धुवा. मशीन असेल तर ५५-६० अंशांवर. उशी जुनी कापसाची असेल तर बदला. गादीला चेन असलेली घट्ट विणीची खोळ मिळते ती घाला. पण नुसती खोळ घालून फार फरक पडत नाही, हे आधीच सांगते, म्हणजे नंतर मला पत्र येणार नाही. कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, आणि झटकझाडीचं काम काही दिवस दुसऱ्या कुणाला करू द्या. तुमच्या घरात हे वाक्य मोठ्याने वाचलं जावं म्हणून मी ते मुद्दाम लिहिते आहे. मुलीच्या गादीवरची लोकरीची खेळणी पिशवीत बांधून दिवसभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग धुवा. फ्रीजरने किडे मरतात, विष्ठा धुतल्याशिवाय जात नाही. ओल जिथून येते ती गळती बुजवल्याशिवाय बुरशीवर रंग मारू नका.

थेंबांचं प्रकरण वेगळं आणि जरा चिडचिडं आहे. नाक चटकन मोकळं करणारे ते थेंब चार-पाच दिवसांच्या वर घालायचे नसतात. आत रक्तवाहिन्या आवळल्या जातात म्हणून नाक उघडतं. असर उतरला की त्या दुप्पट फुगतात आणि नाक पुन्हा बंद होतं. मग पुन्हा थेंब. आज तुमचं नाक रात्री चोंदतं त्यात मोठा वाटा त्या बाटलीचाच आहे. सोडताना आठवडाभर त्रास होईल, म्हणून डॉक्टरांकडून नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे लिहून घ्या आणि त्याच्या आधाराने सोडा. ‘स्टेरॉइड’ शब्दाला बिचकू नका, त्याचा फार थोडा अंश रक्तात जातो. पण तो एका रात्रीत काम करत नाही, पंधरा दिवस नेमाने मारावा लागतो. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्याने उजव्या, स्प्रेचं तोंड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. मधल्या पडद्यावर मारत राहिलं तर नाकातून रक्त येतं आणि लोक औषध सोडून देतात. गोळी घ्यायची तर झोप न आणणारी मागा. माँटेलुकास्ट मिसळलेली गोळी सर्रास लिहिली जाते. ती घेताना चिडचिड, वाईट स्वप्नं, उदासी असं काही जाणवलं तर लगेच डॉक्टरांना सांगा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली तिच्यावर याबद्दल ठळक इशारा छापायला लावला आहे. मिठाच्या पाण्याने नाक धुणं चांगलं, जलनेतीही चांगली, पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाचं नको.

अगरबत्ती, फिनेल, अत्तर, फोडणीचा ठसका, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रस्त्याकडेच्या सातवीणीचा डोकं उठवणारा वास, यांनी तुमचं नाक भडकत असेल. पण ती ॲलर्जी नव्हे, आधीच सोललेल्या कातडीवर मीठ पडावं तसं आहे. नाक आतून शांत झालं की याचा त्रासही कमी होतो.

यजमानांचा बांगडा. त्यांना विचारा : त्या दिवशी तो बांगडा खाणाऱ्या बाकीच्यांचंही तोंड लाल झालं होतं का, आणि मासा चवीला तिखट, चरचरीत लागला होता का? बांगडा, तारली, कुपा हे मासे बर्फाविना राहिले की त्यांच्या मांसात जिवाणू हिस्टमीन तयार करतात आणि ते शिजवून जात नाही. मास्ट पेशींना काही करायची गरजच पडत नाही, हिस्टमीन ताटातच येतं! ती माशाची विषबाधा झाली. पुढे ताजा बांगडा त्यांनी खाल्ला असेल आणि काही झालं नसेल, तर घराण्याला काही झालेलं नाही. दुपारी तीन वाजता बर्फ वितळलेल्या टोपलीतला स्वस्त बांगडा घेऊ नये, इतकंच.

जावेला सांगा, तीन वर्षं थांबायचा सल्ला जुना झाला. २०१५ साली इंग्लंडमध्ये ६४० बाळांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, म्हणजे जास्त धोक्याची बाळं त्यात होती. ज्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा द्यायला सुरुवात केली त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी न देणाऱ्यांपेक्षा ऐंशी टक्क्यांच्या आसपास कमी निघाली. सहा महिने झाले की वरच्या अन्नाबरोबर नीट शिजलेलं अंडं आणि दाण्याचं अगदी मऊ वाटण थोडं थोडं द्यावं. अख्खा दाणा किंवा भरड कूट कधीच नको, घशात अडकतं. बाळाच्या अंगावर तीव्र इसब असेल तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञांना विचारायचं.

डिसेंबरच्या हळदीला जा. स्वयंपाक कोण करणार आहे ते आधी शोधून काढा आणि त्या माणसाला स्वतः सांगा, निरोप नको. गर्दीत निरोप पोचत नाहीत. वडे कुठल्या कढईत तळले ते विचारा. कोळंबीच्या तेलात तळले असतील तर ते नकोत. मटण-भाकरी चालेल, भाकरी वाढणाऱ्याचा हात कोळंबीच्या रश्श्यातून आलेला नसला म्हणजे झालं. रात्री इमर्जन्सी चालू असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं, हे यजमानांना आधीच माहीत करून ठेवायला सांगा. आणि कंबर दुखली तर या वेळी पॅरासिटामॉल घ्या, दुसरी गोळी नको.